एक्केचाळीस कोंबड्यांचा माणूस

ता. ४, मंगळवार
पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट

चिमे,

माझ्या स्वादुपिंडाला सूज आली आहे. सोनोग्राफी करणाऱ्या बाई हे आधी ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या आणि आज सकाळी वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सर्वांसमक्ष दुजोरा दिला. तेव्हा ही अफवा नाही.

तुला कळवतो आहे ते एवढ्यासाठीच, की उद्या कुणा तिसऱ्याकडून कळलं तर तू म्हणशील, सख्ख्या भावाने सांगितलंही नाही. बाकी आपलं बोलणं बंद आहे ते बंदच आहे, त्यात हे पत्र धरू नये. फोन केला असता, पण मागच्या वेळी माझा आवाज ऐकल्याबरोबर तू ठेवून दिलास. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. तुमच्या कंपनीचा ट्रक आपल्या बाजारात माल टाकून परत तुमच्याकडेच जातो. ड्रायव्हर भला माणूस आहे, त्याच्या हाती देतो.

झालं असं. शनिवारी भर दुपारी दुकानात मिक्सर चालू होता. मी कोंबडीखाद्याच्या गोणीचं तोंड शिवत होतो आणि एकदम बेंबीच्या वर कुणी पहार घातली आणि ती पाठीतून बाहेर काढली असं वाटलं. मी खाली बसलो, मग आडवा झालो, मग गोणीवर डोकं टेकलं. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, ही माझी गोणी आहे. दुसरी घ्या ना उशाला."

इथे आल्यावर पहिला प्रश्न, "दारू किती घेता?" मी म्हटलं, घेत नाही. डॉक्टरीणबाईंनी खात्रीसाठी तुझ्या वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही हो घेत. घेत असते तर निदान कारण तरी कळलं असतं."

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पित्ताचे खडे. तेही माझ्याकडे नाहीत. शेजारच्या खाटेवर एक शिंपी आहेत. त्यांना हाच आजार आहे, पण त्यांच्याकडे खडे आहेत आणि त्यांचा त्यांना बराच अभिमान आहे. "माझं कारण सापडलं," असं ते उठता-बसता सांगतात. "तुमचं कुठवर आलंय?"

मग बाईंनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मी खरं तेच सांगितलं. हाडं दुखत होती, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या. रक्त तपासलं तर डी जीवनसत्त्व कमी निघालं. निघणारच. सकाळी गोदामात शिरायचं आणि दिवे लागल्यावर बाहेर पडायचं, ऊन आपण पाहिलं ते शटरच्या फटीतून. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक कॅप्सूल दिली, ती घेतो. "आणखी काही?" बाईंनी विचारलं. "माणसांचं आणखी काही नाही," मी म्हटलं. त्या घाईत होत्या, पुढच्या खाटेकडे गेल्या.

जाता जाता एक सहज विचारतो. एका गिऱ्हाइकाची शंका आहे. डी थ्री अंगात साठून राहतं का, की बी-कॉम्प्लेक्ससारखं लघवीवाटे निघून जातं? घाई काही नाही. पण लवकर कळव.

दादा

वन्सं, मी वहिनी. पत्र ड्रायव्हरला द्यायला मीच चालले आहे, म्हणून खाली माझ्या चार ओळी. यांची तब्येत खरंच बरी नाही. बरेच दिवस पाण्याचे जगच्या जग रिकामे करत होते, जेवायला नको म्हणत होते, सारखे बाथरूमकडे. मागच्या आठवड्यात तर चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि लोण्याचा डबा घेऊन टीव्हीसमोर बसले. मी म्हटलं, वय झालं. वय नव्हतं ते.

आणि डी थ्रीचं कुठलं गिऱ्हाईक विचारतंय ते मला ठाऊक नाही. दुकान शनिवारपासून बंद आहे.

ता. ६, गुरुवार
तिथेच

चिमे,

रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं आहे. लॅबने आकडा काढला, डॉक्टरीणबाईंना तो पटला नाही, त्यांनी दुसऱ्यांदा रक्त पाठवलं. पुन्हा तोच आकडा. आता त्यांनाही पटला आहे.

पोटातल्या सुजेचं मूळ तेच, असं त्या म्हणतात. त्यांनी खाटेच्या कडेला बसून समजावलं. स्वादुपिंड अन्न पचवायचे रस बनवतं, पण ते झोपलेल्या अवस्थेत. आतड्यात उतरले की ते जागे होतात आणि कामाला लागतात. रक्तात कॅल्शियम अति झालं, तर ते आतल्या आतच जागे होतात आणि समोर जे असेल ते पचवायला घेतात. समोर असतं स्वादुपिंडच.

"म्हणजे मी मलाच खातोय?" मी विचारलं.

"थोडंसं," बाई म्हणाल्या.

शिंपी म्हणाले, "तोंडाला कुलूप लावून उपाशी ठेवलंत, माणूस दुसरं काय करणार?"

सलाईनवर सलाईन चालू आहे. कॅल्शियम खाली यायला हवं, ते म्हणावं तसं येत नाही, त्यामुळे बाई चक्रावल्या आहेत. त्यांना आता माझ्या मानेचा संशय आहे. मानेत म्हणे चार बारीक ग्रंथी असतात, रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांची देखरेख असते. त्यांतली एखादी बिघडली असेल तर कापून काढायची. एक नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबकडे गेला आहे. तो येईपर्यंत वेळ नको जायला म्हणून गळ्याचे सर्जन रविवारी बघायला येणार आहेत, आणि ऑपरेशनसाठी सोमवारची जागा धरून ठेवली आहे.

शिंप्यांना मी आपला धंदा समजावून सांगितला. मका, सोयाबीनची पेंड, कोंडा मिक्सरमध्ये जातो आणि वरून प्रीमिक्स, म्हणजे जीवनसत्त्वांची पूड. ते म्हणाले, "म्हणजे कापड तुमचं आणि बटणं कंपनीची." हुशार माणूस आहे.

आता त्या गिऱ्हाइकाचं. त्याने आणखी माहिती दिली आहे ती तुला कळवतो. त्यालाही डी कमी होतं. त्यालाही आठवड्याला एक कॅप्सूल दिली होती. पण तो या लाइनमधला जाणकार असल्याने त्याला ती मात्रा हास्यास्पद वाटली. अंड्यावरच्या कोंबडीला आपण रोज देतो आणि धडधाकट माणसाला आठवड्यातून एकदा? तेव्हा त्याने दुकानातली पाण्यात घालायच्या औषधाची बाटली घेतली, ती दाट, पिवळी, ए-डी-ई वाली. शंभर पक्ष्यांना किती, ते तक्त्यात दिलेलंच असतं. पक्षी त्याने दोन किलोचा धरला. गिऱ्हाईक स्वतः ब्याऐंशी किलोचं. म्हणजे एक्केचाळीस कोंबड्या. त्या हिशोबाने रोज सकाळी पाण्यातून. जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या, कारण अंड्यावरच्या पक्ष्याला ही दोन्ही जोडीनेच द्यायची असतात हे तूच सगळ्यांना शिकवत होतीस.

हिशोब मी दोनदा तपासला. चोख आहे. सध्या त्या माणसाची तब्येत जरा नरम आहे, तरी त्याने औषधात खंड पडू दिलेला नाही. आजारपणात मात्रा चुकवू नये, हे आपण प्रत्येकाला सांगतोच.

तर प्रश्न असा, यात चूक कुठे आहे? असलीच तर.

दादा

वन्सं, यांचं वजन ब्याऐंशी आहे.

दाढीच्या सामानाच्या पिशवीला मला हात लावू देत नाहीत, आणि दाढी तर बोटभर वाढली आहे. त्या पिशवीला मासळीचा वास येतोय. मला काहीतरी भलतंच वाटतंय. मी घरून फोन लावते. यांचा म्हणून नका उचलू, माझा म्हणून उचला.

ता. ७, शुक्रवार
कंपनीची प्रयोगशाळा

दादा,

तुझं गिऱ्हाईक गाढव आहे.

वहिनीचा फोन उचलला. तुझा उचलला नसता. हे पत्र हातात पडेल तोवर दाढीची पिशवी, आतल्या बाटलीसकट, तिच्या ताब्यात असेल, तिच्याशी झटापट करू नकोस. तुझ्या हाताला सुई आहे, तिच्या नाही.

चूक कुठे विचारतोस? भागाकार बरोबर आहे. ब्याऐंशीला दोनने भागल्यावर एक्केचाळीसच येतात. शाळेतही तुझं गणित बरं होतं, उदाहरण वाचायचा तेवढा कंटाळा होता.

अरे, अंड्यावरची कोंबडी जवळजवळ रोज एक अंडं घालते. डी थ्री खाद्यातलं कॅल्शियम आतड्यातून ओढून रक्तात आणतं आणि कवच ते रक्तातून काढून बाहेर नेतं. एका बाजूने आवक, दुसऱ्या बाजूने जावक. तू काय घालतोस? एक्केचाळीस कोंबड्यांचं औषध पितोस, तर रोज सकाळी निदान तीन डझन अंडी वहिनीच्या हातात ठेवायला हवी होतीस. ठेवलीस? नाही ना? मग ते सगळं गेलं कुठे? रक्तात राहिलं, तिथून स्वादुपिंडाला भिडलं. मूत्रपिंडांचंही विचार डॉक्टरांना, मला त्यांचीच जास्त धास्ती आहे.

आणि हो, ते साठतं. चरबीत मुरून बसतं. चरबी तुझ्याकडे भरपूर, म्हणजे गोदाम मोठं. पिणं आज थांबवलंस तरी आतला माल कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येत राहील. तो तक्ताही ताण आलेल्या पक्ष्यांसाठी आणि मोजक्या दिवसांपुरता आहे. हे तक्त्याच्या खालच्या ओळीत छापलंय. खालची ओळ तू जन्मात वाचली नाहीस.

आठवड्याला एक कॅप्सूल हास्यास्पद नव्हती. एका कॅप्सूलमध्ये पुऱ्या आठवड्याचा डोस भरलेला असतो, ते बघितलं होतंस का? पुढचं लिहीत नाही, पेनाचं टोक मोडेल. रागाने.

डॉक्टरीणबाईंचा नंबर वहिनीने दिलाय. मी आत्ता फोन करू शकते. पण बाटली सुटली आहे, सलाईन चालू आहे, म्हणून रविवारपर्यंत थांबते. तू तुझ्या तोंडाने सांग, सर्जनने गळ्याला हात लावायच्या आत. नाहीतर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर आकडेमोडीसकट सांगेन.

चिमी

ता.क. इथे मला सगळे मॅडम म्हणतात. तू म्हणायची गरज नाही, पण कानावर असू दे.

ता. ९, रविवार
तिथेच, पण बसून

चिमे,

गळ्याचं ऑपरेशन रद्द झालं आहे. सर्जननी सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला आणि शिंप्यांनी ते बायकांच्या वॉर्डापर्यंत पोचवलं.

तुझ्या पत्राची पहिली ओळ मी वाचली नाही असं धरून चालतो.

तू म्हणशील, हा दोन दिवस गप्प का बसला. तर ऐक. तू आपलं दुकान सोडून गेलीस त्या दिवशी, भर गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "याला मात्रा कळत नाही, याच्या हातात माप देऊ नका." मी म्हटलं, "मग जिथे कळते तिथे जा." तू गेलीस. (माझ्या औषधाने मेली म्हणतेस ती कोंबडीची पिल्लं थंडीनेच मेली. माझं मत आजही तेच आहे.) त्यानंतर एवढी वर्षं माणसं मलाच विचारत आली, मालक, याला किती घालू, त्याला किती घालू. आणि आता वीस खाटांच्या वॉर्डात मी उठून सांगायचं, की मला माझी स्वतःचीच मात्रा कळली नाही? मी पडल्या पडल्या विचार केला. ग्रंथी चार आहेत, अब्रू एक. एखादी ग्रंथी गेली तर गेली. हसू नकोस, खरंच असा विचार केला.

सकाळी सर्जन आले. उंच, तरुण, हात गार. त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि निळ्या पेनाने मानेवर एक आडवी रेघ ओढली. शिंपी उठून बसले.

"डॉक्टर, जरा खाली घ्या. कॉलरखाली झाकेल."

"आम्ही सुरकुतीतच कापतो," सर्जन म्हणाले.

"मग ठीक. आम्हीही टाके तसेच लपवतो."

तुझी वहिनी पायथ्याशी उभी होती, पर्स छातीशी धरून. बाटली पर्समध्ये आहे हे तिला ठाऊक, मला ठाऊक. ती बोलत नव्हती. तुमचं ठरलेलं दिसतंय दोघींचं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, दूध उतू जायची वाट बघतात तसं. सर्जन तिला धोके सांगत होते, रक्तस्राव, जंतू, वगैरे. मग म्हणाले, "आवाजाची नस अगदी जवळून जाते. क्वचित एखाद्याचा आवाज बसतो. फार क्वचित."

"कायमचा?" तिने विचारलं.

"एखाद्याचा."

ती म्हणाली, "अहो, मग हे वन्संशी भांडणार कसे?"

ती काही विनोद करत नव्हती. तिला खरोखर काळजी पडली होती. आणि मलाही, चिमे, एकदम पडली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझं एक गिऱ्हाईक आहे."

"बरं," सर्जन म्हणाले. पेनाला टोपण घालत होते.

"तो कोंबड्यांचं औषध घेतो."

"कोंबड्यांना देतो?"

"नाही. घेतो. डी थ्रीचं."

टोपण तिथेच राहिलं. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खाटेवरून वळल्या. "किती घेतो?"

"एक्केचाळीस कोंबड्यांचं."

"एक्केचाळीसच का?"

"वजनाप्रमाणे."

"आणि वजन किती या गिऱ्हाइकाचं?"

मी सांगितलं. बाईंनी खाटेला अडकवलेल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी शिंपीच म्हणाले, "अहो, हे तर यांचंच माप आहे."

"कुठे आहे हे गिऱ्हाईक सध्या?" बाईंनी विचारलं.

"खिडकीजवळच्या खाटेवर," मी म्हटलं.

वहिनीने पर्स उघडली आणि बाटली बाईंच्या हातात दिली. बाईंनी लेबल मोठ्याने वाचलं, "फक्त पशुपक्ष्यांसाठी. हे तुम्ही वाचलं नाहीत?"

"वाचलं. पण मात्रा वजनावर असते, पिसांवर नाही."

सर्जन पटकन बाहेर व्हरांड्यात गेले. पाठमोरे होते, पण त्यांचे खांदे हलत होते. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कल्पना आहे का? आणखी काही दिवस हे असंच चाललं असतं, तर आधी तुमची मूत्रपिंडं बसली असती. मग हृदयाची लय बिघडली असती. आणि मी इथे तुमच्या गळ्यात कारण शोधत बसले असते."

तेव्हा तुझी वहिनी रडली. रडता रडता म्हणाली, "मी रोज इथे उभी राहून विचार करायचे, माझ्या हातून जेवणात काय गेलं. आणि ते दाढीच्या पिशवीत होतं!" इतका वेळ मला अब्रूची पडली होती. ही बया स्वतःच्या स्वयंपाकाला दोष देत बसली होती, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

बाईंनी तिलाही विचारलं, "तुम्हाला नाही ना दिलं यांनी?" दिलं असतं गं. मी तिला म्हटलंही होतं, तुझेही गुडघे दुखतात, तूही घे. पण तिने वजन सांगायला साफ नकार दिला. वजन नाही तर कोंबड्या किती धरणार? म्हणून ती वाचली.

दुपारी बाहेरच्या लॅबचा निकालही आला. मानेतल्या ग्रंथी अगदी गरीब निघाल्या, कॅल्शियम वाढलेलं बघून त्या केव्हाच काम थांबवून बसल्या होत्या. आणि डी जीवनसत्त्वाचा आकडाच नाही. त्या जागी लिहिलंय, यंत्राच्या मोजण्यापलीकडे. शिंपी म्हणाले, "टेप संपली म्हणायची."

त्यांनी आता माझं कारण मान्य केलं आहे. म्हणतात, खड्यांपेक्षा भारी आहे.

दादा

वन्सं, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी चकार शब्द काढला नाही, तुम्ही बजावलं होतं तसं. मानेवरची निळी रेघ अजून गेलेली नाही. मी साबण लावून घासली, तर म्हणतात, राहू दे दोन दिवस.

ता. १८, मंगळवार
तिथेच

चिमे,

कॅल्शियम उतरणीला लागलं आहे. लॅबचा कागद डॉक्टरीणबाईंनी मला स्वतः दाखवला आणि मी या वेळी खालची ओळसुद्धा वाचली. खाली लॅबचा फोन नंबर होता, पण वाचली.

हाडांतून कॅल्शियम सुटू नये म्हणून एक सुई दिली, शिवाय काही गोळ्या चालू आहेत. दूध बंद, लोणी बंद, ऊनसुद्धा बंद. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीजवळची जागा मिळाली, तर नर्सबाई येऊन पडदा ओढतात. पोटातली पहार गेली. बाईंनी काल अर्धा उकडलेला बटाटा मंजूर केला. मी तो चघळून संपवल्यावर शिंप्यांनी विचारलं, "कसा होता?" मी म्हटलं, "बिनमिठाचा." ते म्हणाले, "माझाही तसाच होता, पण मी वेगळं काहीतरी असेल म्हणून आशेवर होतो."

आता एक गंमत सांगतो. बाईंच्या मते स्वादुपिंडाचा एक कोपरा चांगलाच दुखावला आहे. काही काळ तरी रस कमी पडेल, म्हणून दर जेवणाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल घ्यायच्या. पहिल्या घासाबरोबरच, जेवण झाल्यावर नाही. रस कमी पडला की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, आणि ते पचले नाहीत की त्यांच्यात विरघळणारी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. ए, डी, ई आणि के.

"डी?" मी विचारलं.

"डीसुद्धा. सध्या तुमच्याकडे साठा आहे, पुष्कळ आहे. पण तो संपल्यावर कदाचित पुन्हा कमतरता येईल. मग पुन्हा द्यावं लागेल."

मी हसायला लागलो. हसताना पोट दुखतं, तरी थांबता येईना. ज्याच्या अतिरेकाने इथे आलो, त्याच्याच कमतरतेने परत यायची शक्यता! बाईही या वेळी हसल्या. म्हणाल्या, "या वेळी रक्त तपासून, मोजून आणि माणसांचं."

मग त्यांनी विचारलं, "घरी मात्रेकडे लक्ष कोण देणार?"

वहिनी म्हणाली, "जेवणाचं मी बघते, पथ्याचं मी बघते. औषधाचे आकडे मला नका देऊ. हे मला काहीही पटवतात. यांनी मला एकदा पटवलं होतं की मिक्सरच्या आवाजाने झोप चांगली लागते."

"यांना पटवता येणार नाही असं कुणी आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. शिंप्यांनीही पाहिलं. त्यांना काय माहीत म्हणशील, तर इथे दुपारी करमत नाही, काहीबाही बोलणं होतं.

"बहीण आहे," मी म्हटलं. "मात्रेतलं तिला कळतं. तिथे तिला मॅडम म्हणतात."

"मग बोलवा तिला."

"आमचं बोलणं नाही."

"मग सुरू करा," बाई म्हणाल्या. एखादी गोळी सुरू करा म्हणाव्यात तशा म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. कागदावर मात्र तुझं नाव लिहून गेल्या. मी ते उलटं वाचलं. स्पेलिंग मी सांगितलं नव्हतं, वहिनीने सांगितलं असणार.

तर शुक्रवारी दुपारी ट्रक तुमच्याकडून इकडे येतो. ड्रायव्हर म्हणाला, शेजारची सीट रिकामीच असते, फक्त पाय आखडून बसावं लागतं. मला शनिवारी सोडणार आहेत, सकाळचं रक्त ठीक आलं तर. त्याआधी बाई तुला समोर बसवून सगळं सांगणार आहेत, कुठली कॅप्सूल कधी, रक्त केव्हा तपासायचं, काय दिसलं तर धावत यायचं. तेवढा वेळ मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आहे.

तू आल्यावर काय होईल ते साधारण मला दिसतंय. दारातूनच तू मला वरपासून खालपर्यंत बघशील आणि काहीतरी टोचून बोलशील. मी पिल्लांचा विषय काढीन. तुझी वहिनी म्हणेल, झालं यांचं सुरू, आल्या आल्या. शिंपी तुला स्टूल देतील आणि माझं कारण पहिल्यापासून सांगतील. इथपर्यंतचं मला तोंडपाठ आहे. त्यापुढे भावाने बहिणीशी काय बोलायचं असतं ते मी विसरलो आहे. सवयच राहिलेली नाही.

ते तू सुरू कर. मी मागोमाग येतो.

दादा